सहीचा रकाना

अर्ज एका पानाचा. तारीख, काम, तास,
आणि उजव्या कडेला एक अरुंद रकाना:
देखरेख करणाऱ्याची सही.
चाळीस तास भरले, गुण पुरेसे असले,
की पुढे डॉक्टर, नर्स होऊ पाहणाऱ्यांच्या
ऑनर सोसायटीत नाव लागतं.

खोटं कशाला सांगू, मी फुगे फुगवले.
हॅनकॉकच्या इस्पितळात, भेटवस्तूंच्या दुकानात,
बावीस तास हेलियमच्या टाकीपाशी.
'मुलगी झाली हो', 'लवकर बरे व्हा'.
एकदा दोन्ही फुगे चुकून एकाच खोलीत गेले
आणि ती बाळंतीण इतकी हसली
की टाके दुखले तिचे.
उरलेले अठरा तास टॉवेलांच्या घड्या.
सही झाली. शिक्का बसला.

पण मी एक पान जास्तीचं जोडलं.

हेल्मीआत्याची उजवी बाजू गेली तेव्हा मी नववीत होते.
बाबा नोव्हेंबर ते एप्रिल
रात्रभर रस्त्यावरचा बर्फ ढकलतात,
म्हणून रात्र माझ्या वाट्याला आली.
दर दोन तासांनी कूस बदलायची.
गुडघ्यांमध्ये उशी, टाच अधांतरी.
टाचेचं कातडं आधी लाल होतं.
तेव्हाच बोटानं दाबून बघायचं:
पांढरं पडून परत लाल झालं
तर वेळ आहे अजून.
हे मला कुठल्या पुस्तकानं नाही,
टाचेनंच शिकवलं.

पाण्यात चमचाभर पूड, दाट व्हायला,
नाहीतर घोट भलत्या नळीत जातो.
तिला ते आवडत नाही. ती म्हणते, कॉफी.
म्हणते म्हणजे, शब्दच तीन उरलेत तिच्याकडे:
हो, कॉफी,
आणि एक फिनिश शिवी,
जी ती बाबांना, डॉक्टरांना आणि देवाला
सारख्याच मायेनं देते.

रात्रीचा एक तास धरला
तरी अकराशेच्या वर जातात.
आकडा रकान्यात मावेना, आडवा लिहिला.
आणि देखरेख?
मी पेंगायचे, ती टक्क जागी.
देखरेख तिचीच होती.
म्हणून पेन तिच्या डाव्या हातात दिलं.
एक रेघ निघाली, वर चढली,
कागद संपला तरी थांबली नाही,
टेबलावर गेली.
टेबलावरची मी अजून पुसलेली नाही.

बोद्रीबाईंनी पान वाचलं.
चष्मा काढला, परत घातला.
"टिल्डा, घरच्यांची सही चालत नाही."
बरोबर आहे, मागच्या बाजूला तसं छापलंय.
"आणि तुझे चाळीस तर झालेतच."
पान मात्र त्यांनी परत दिलं नाही.
कुठे ठेवलं, मी विचारलं नाही.

गुरुवारी समारंभ, शाळेच्या ग्रंथालयात.
आगीचा भोंगा वाजतो म्हणून
मेणबत्त्या बॅटरीच्या.
एकीची लुकलुकत विझली,
तर ती मुलगी शपथ सोडून सेल चेपत बसली.
आम्ही म्हटलं: सचोटी, सेवा, करुणा.
मग पिन लावताना माझ्या बोटाला टोचली,
पांढऱ्या सदऱ्यावर ठिपका.
सात भावी डॉक्टर खिसे चाचपत राहिले,
एकाकडे पट्टी निघेना.
शेवटी फरशी पुसणारे सालोकाका आले,
पाकिटात नातवाच्या फोटोमागे
जुनी, मऊ पडलेली एक होती.
"दाबून धर," म्हणाले,
आणि परत बादलीकडे गेले.

रात्री पावणेबारा.
पिन आत्याच्या गाऊनला लावून पाहिली.
तिनं हनुवटी खाली करून
बराच वेळ बघितलं,
आणि शिवी दिली.
मी हसले. तीही, अर्ध्या तोंडानं.

मग उशी सरकवली, पाय उचलला,
पट्टीच्या बोटानं टाच दाबली.
पांढरी झाली.
लाल व्हायला आज
नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ लागला.